हवेची वांटणी



एखादी सामाईक वस्तु जोंपर्यंत मुबलक असते, तोंपर्यंत तिच्याविषयीं कोणी भांडत नाहीं. गांवचें तळें कांठोकांठ भरलेलें असलें, म्हणजे कोणाच्या घरीं किती घागरी गेल्या याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. परंतु पाणी तळाला लागलें, कीं तीन प्रश्न एकदम पुढें येतात. आजपर्यंत कोणीं किती उपसलें? उरलेलें कोणास किती मिळावें? आणि नवी विहीर खणण्याचा खर्च कोणीं सोसावा? आज पृथ्वीभोंवतालच्या हवेविषयीं जगांतील राष्ट्रांमध्यें हेच तीन प्रश्न उपस्थित झाले आहेत. फरक इतकाच, कीं तळ्यांतून आपण पाणी काढून घेतों, आणि हवेंत धूर सोडून देतों. टंचाई आहे ती धूर सामावून घेणाऱ्या जागेची. ही जागा वांटून घेण्यासाठीं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे आंतरराष्ट्रीय करार झाले, ते कितपत न्याय्य आहेत, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम मूळ गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सूर्यापासून पृथ्वीला मिळणारी उष्णता पुन्हां अवकाशांत निघून जात असते. हवेंतील कांहीं वायु या परतणाऱ्या उष्णतेचा कांहीं अंश अडवून धरतात. अंगावर घोंगडी घेतली असतां शरीराची ऊब जशी आंतल्या आंत राहते, तसाच हा प्रकार आहे. या वायूंना हरितगृह वायु असें नांव आहे, व त्यांत कर्बवायु, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, हा प्रमुख होय. हें ज्ञान नवें नाहीं. जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रयोगशाळेंत या वायूंचा हा गुण मोजून दाखविला. स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस यानें १८९६ सालीं, हवेंतील कर्बवायु दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणित मांडलें. पुढें १९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यानें प्रत्यक्ष मोजमाप सुरू केलें. यंत्रयुगाच्या आरंभापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. कीलिंगनें मोजणी सुरू केली तेव्हां ते सुमारें ३१५ झाले होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण न्यायाचा सर्व वाद तीवरच उभा आहे. चुलींतला धूर घडीभरांत विरून जातो. कर्बवायु मात्र तसा विरत नाहीं. त्याचा मोठा भाग शतकानुशतकें हवेंत राहतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं मँचेस्टरच्या गिरण्यांत जो कोळसा जळला, त्याचा कांहीं भाग आजही आपल्या डोक्यावर तरंगत आहे. म्हणून या हिशेबांत आजचा खर्च पाहून भागत नाहीं. मागील सर्व खातेवही उघडावी लागते.

ही खातेवही शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२१ सालीं जगापुढें मांडली. १८५० पासून २०१९ अखेरपर्यंत मनुष्यजातीनें सुमारें २,३९० अब्ज टन कर्बवायु हवेंत सोडला. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशाच्या आंत राहण्याची निम्मी तरी शक्यता हवी असेल, तर २०२० च्या आरंभापासून पुढें आणखी सुमारें ५०० अब्ज टनच सोडतां येतील, असें त्या मंडळाचें अनुमान होतें. दोन्ही आंकड्यांची बेरीज केली, तर असें दिसतें, कीं एकूण शिधा पांच भागांचा धरला, तर त्यांतले चार भाग २०२० पूर्वींच संपले होते. उरलेल्या एका भागांतून दर वर्षीं सुमारें ४० अब्ज टन उचलले जात आहेत. म्हणजे त्याचाही जवळ जवळ अर्धा हिस्सा एव्हांना खर्ची पडला.

आतां पहिला प्रश्न. हा शिधा कोणीं संपविला? कोळसा, तेल व वायु जाळून आजवर जो कर्बवायु निघाला, त्याचा सुमारें चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे. इंग्लंडसह पश्चिम व मध्य युरोपांतील राष्ट्रांचा मिळून सुमारें पांचवा हिस्सा येतो. हिंदुस्थानांत जगाच्या लोकसंख्येचा सहावा भाग राहतो. परंतु या खात्यावर त्याच्या नांवें शेंकडा तीन ते चार एवढेंच खर्च पडलें आहे. आजचा माणशीं हिशेब घेतला, तरी चित्र फारसें बदलत नाहीं. कोळसा-तेलापासून होणारा कर्बवायु अमेरिकेंत दर माणशीं वर्षाला सुमारें १४ टन, चीनमध्यें ८ टनांहून अधिक, सर्व जगाची सरासरी पांच टनांहून किंचित् कमी, आणि आपल्याकडे सुमारें दोन टन पडतो.

१९९१ सालीं दिल्ली येथील विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. एका अमेरिकन संस्थेनें तेव्हां नुकतीच एक यादी काढली होती, व तींत हिंदुस्थान, चीन, ब्राझील यांचीं नांवें मोठ्या दोषी राष्ट्रांत घातलीं होतीं. या लेखकद्वयानें त्या गणिताचें मर्म उघडें केलें. पृथ्वीचे समुद्र व अरण्यें दर वर्षीं कर्बवायूचा कांहीं भाग शोषून घेतात. ही शोषणशक्ति सर्व मानवांची सामाईक मालमत्ता असतां त्या यादींत ती राष्ट्रांच्या आजच्या धुराच्या प्रमाणांत वांटली गेली होती. म्हणजे ज्याचा धूर जास्त त्यालाच सूट जास्त. ती माणशीं वांटली, तर हिंदुस्थान आपल्या वांट्याच्या आंतच राहतो, असें त्यांनीं दाखविलें. शिवाय त्यांनीं एक भेद स्पष्ट केला, तो आजही या वादाचा कणा आहे. भाताच्या खाचरांतून व गुराढोरांपासून निघणारा वायु हा पोटासाठीं निघालेला वायु होय. चैनीसाठीं फिरविलेल्या मोटारीचा धूर हा निराळ्या जातीचा. दोहोंना एकाच तराजूंत घालणें गणितदृष्ट्या सोपें असलें, तरी नीतिदृष्ट्या बरोबर नाहीं.

या विचाराचा ठसा पहिल्याच करारावर पडला. १९९२ सालीं रिओ द जानेरो येथील परिषदेंत राष्ट्रांनीं हवामानबदलाच्या मूळ करारावर सह्या केल्या. तो १९९४ पासून अंमलांत आला. जबाबदारी सर्वांची सामाईक आहे, परंतु ती सर्वांची सारखी नाहीं. ज्याच्या त्याच्या वांट्याप्रमाणें व शक्तीप्रमाणें ती निरनिराळी आहे, हें तत्त्व त्यांत घातलें गेलें, आणि श्रीमंत राष्ट्रांनीं या कामीं पुढाकार घ्यावा असेंही स्पष्ट लिहिलें गेलें. तत्त्व उत्तम होतें. परंतु आपल्या घरांतील वांटणीचे तंटे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना ठाऊक आहे, कीं तत्त्वावर एकमत होणें सोपें असतें. भांडण सुरू होतें तें मोजपट्टी बाहेर काढल्यावर.

ती मोजपट्टी १९९७ च्या डिसेंबरांत जपानमधील क्योटो येथें बाहेर निघाली. औद्योगिक राष्ट्रांनीं १९९० साल हा पाया धरून २००८ ते २०१२ या पांच वर्षांत आपला धूर सरासरीनें शेंकडा पांचांहून किंचित् अधिक कमी करावा, असें ठरलें. युरोपीय संघाला शेंकडा ८, अमेरिकेला ७, जपानला ६ अशी कपात नेमून दिली. हिंदुस्थान, चीन इत्यादि राष्ट्रांवर आंकड्याचें बंधन नव्हतें. परंतु श्रीमंतांच्या या यादींतही घासाघीस झालीच. ऑस्ट्रेलियानें कपातीऐवजीं शेंकडा ८ वाढ करण्याची मुभा मिळविली, आणि आइसलंडनें १० ची. रशियानें १९९० ची पातळी राखावी एवढेंच ठरलें; आणि १९९० नंतर सोव्हिएट संघ मोडून तेथील कारखाने आपोआपच बंद पडले असल्यामुळें, कांहींएक न करतां रशियाच्या पदरांत भलें मोठें पुण्य जमा झालें.

विद्यार्थ्यांना त्रैराशिक शिकवितांना मी नेहमीं सांगत असें, कीं उत्तर चुकलें तर आधीं पहिली ओळ तपासा. या करारांतही सारी खुबी पहिल्या ओळींत असते. ती ओळ म्हणजे कोणतें साल पाया धरलें ही. २००९ च्या कोपनहेगन परिषदेच्या वेळीं अमेरिकेनें आपला धूर २०२० पर्यंत शेंकडा १७ कमी करण्याची तयारी दाखविली. आंकडा भारदस्त वाटतो. परंतु त्याचा पाया होता २००५ साल. इतर राष्ट्रांप्रमाणें १९९० साल धरलें असतें, तर तीच कपात शेंकडा ४ च्या आसपास भरली असती. आपलें ठेवावें झांकून आणि दुसऱ्याचें पाहावें वांकून, ही म्हण राष्ट्रांनाही लागू पडते.

क्योटो कराराचें पुढें काय झालें? त्यावर सही होण्यापूर्वींच, १९९७ च्या जुलै महिन्यांत, अमेरिकेच्या सेनेटनें ९५ विरुद्ध शून्य मतांनीं असा ठराव केला होता, कीं गरीब राष्ट्रांवरही त्याच मुदतींत बंधन घातल्यावांचून असला करार अमेरिकेनें करूं नये. २००१ सालीं त्या देशानें करारांतून अंग काढून घेतलें. अमेरिकेला वगळून तो २००५ च्या फेब्रुवारींत अंमलांत आला. २०११ सालीं कॅनडानेंही बाहेर पडण्याचें जाहीर केलें. ज्यांचा वांटा सर्वांत मोठा, त्यांनींच पंक्तींतून उठावें, आणि तरीही पंक्ति चालू राहावी, असा हा प्रकार झाला.

आतां दुसरी बाजू न्यायबुद्धीनें ऐकली पाहिजे. पाश्चात्य राष्ट्रांचे कैवारी म्हणतात, आमच्या पूर्वजांना या परिणामांची कल्पना नव्हती. अजाणतां घडलेल्या कृत्याचा दंड नातवंडांनीं कां भरावा? हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु त्याला दोन उत्तरें आहेत. एक असें, कीं कोळसा-तेलाचा आजवर जो कर्बवायु निघाला, त्यांतला सुमारें निम्मा १९९० नंतर, म्हणजे सर्व कांहीं ठाऊक झाल्यावर निघाला आहे. दुसरें असें, कीं वडिलोपार्जित इस्टेट घेतांना जो वारस पुढें येतो, त्यानें त्या इस्टेटीवरचें कर्ज नाकारणें आपल्या रीतीला धरून नाहीं. त्या धुरावर उभारलेले रस्ते, कारखाने व संपत्ति हीं आजच्या पिढीच्या उपभोगांत आहेत.

माणशीं वांटणीवरही एक आक्षेप घेतला जातो. लोकसंख्या वाढेल तसा वांटा वाढणार असेल, तर तें संततिवाढीला बक्षीसच नव्हे काय? याचें उत्तर सोपें आहे. एक ठराविक साल धरून त्या सालची शिरगणती कायम करावी. पुढील वाढीचा भार ज्या त्या राष्ट्रानें सोसावा.

तिसरा आक्षेप चीनविषयींचा आहे, व तो सर्वांत वजनदार आहे. १९९२ सालीं श्रीमंत आणि गरीब अशा ज्या दोन याद्या झाल्या, त्यांत चीन गरिबांच्या यादींत होता. आज जगांत दर वर्षीं निघणाऱ्या कर्बवायूचा जवळ जवळ तिसरा हिस्सा चीनचा आहे, आणि त्याचा माणशीं धूर युरोपाहूनही अधिक झाला आहे. तीस वर्षांपूर्वींच्या यादीला चिकटून बसणें हें आतां न्याय्य म्हणतां येणार नाहीं. मात्र येथेंही एक पोटहिशेब आहे. चीनमधील कित्येक कारखाने युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठीं माल काढतात. माल एकाच्या घरीं आणि धूर दुसऱ्याच्या खातीं, अशी ही विभागणी होते. तेव्हां धूर करणाऱ्याच्या नांवें लिहावा कीं माल वापरणाऱ्याच्या, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

या सर्व ओढाताणींतून २०१५ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें नवा करार झाला. तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खालीं ठेवावी आणि दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करावा, असें ध्येय त्यांत ठरलें. परंतु कोणी किती कपात करावी हें यावेळीं वरून नेमून दिलें नाहीं. गांवच्या उत्सवाच्या वर्गणीसारखी पद्धति स्वीकारली गेली. प्रत्येकानें आपला आंकडा आपणच लिहावा, दर पांच वर्षांनीं तो वाढवावा, आणि आपण काय केलें तें सर्वांपुढें सांगावें. आंकडा न पाळल्यास दंड नाहीं. काय ती लोकलज्जा. यामुळें जवळ जवळ सर्व राष्ट्रें एका मंडपांत आलीं, हा मोठाच लाभ झाला. पण वर्गणी ऐच्छिक असली म्हणजे व्हावयाचें तेंच झालें. दुबईच्या २०२३ च्या परिषदेंत जेव्हां पहिला जमाखर्च झाला, तेव्हां सर्वांचे आंकडे मिळूनही ठरलेलें ध्येय गांठलें जात नाहीं, असें दिसून आलें. अमेरिका तर या मंडपांत ये-जा करीत राहिली. २०२० सालीं ती बाहेर पडली, २०२१ सालीं परत आली, आणि २०२५ च्या जानेवारींत पुन्हां बाहेर पडण्याचा हुकूम निघाला.

आतां तिसरा प्रश्न, नव्या विहिरीच्या खर्चाचा. कोळशावांचून वीज काढावयाची, समुद्राला बांध घालावयाचे, दुष्काळाला तोंड द्यावयाचें, यासाठीं पैसा लागतो, आणि तो गरिबांपाशीं नाहीं. कोपनहेगन येथें श्रीमंत राष्ट्रांनीं सांगितलें, कीं २०२० पर्यंत आम्ही दर वर्षीं १०० अब्ज डॉलर उभे करूं. त्यांच्याच आर्थिक संघटनेच्या हिशेबाप्रमाणें हा आंकडा प्रथम २०२२ सालीं, दोन वर्षें उशिरानें, पुरा झाला. आणि त्यांतील सरकारी पैशाचा फार मोठा भाग कर्जाच्या रूपानें होता. शेजाऱ्याच्या बंबाच्या ठिणग्यांनीं आपलें छप्पर पेटावें, आणि त्यानें पुढें येऊन आपल्याला नव्या कौलांसाठीं व्याजानें पैसे द्यावे, यास मदत म्हणावयाचें कीं व्यवहार, हें श्रोत्यांनींच ठरवावें. २०२४ सालीं बाकू येथें हा आंकडा २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचें ठरलें. गरीब राष्ट्रांची मागणी १,३०० अब्जांची होती. आपल्या देशाच्या प्रतिनिधींनीं त्याच सभेंत उभें राहून हा ठराव आपणांस मान्य नसल्याचें सांगितलें.

कांहीं सुज्ञ माणसें म्हणतील, राष्ट्रांकडून न्यायाची अपेक्षा करणें हाच भाबडेपणा आहे. तसें म्हणण्याचें कारण नाहीं, कारण एक उदाहरण डोळ्यांपुढें आहे. हवेच्या वरच्या थरांतील ओझोनचें आवरण शीतयंत्रांतील कांहीं रसायनांमुळें विरळ होत चालल्याचें आढळल्यावर १९८७ सालीं माँट्रिअल येथें करार झाला. श्रीमंत राष्ट्रांनीं कपात आधीं करावी. गरिबांना दहा वर्षांची सवलत द्यावी. आणि नवीं रसायनें वापरण्यांत जो जादा खर्च येईल, त्यासाठीं श्रीमंतांनीं एक निधि काढावा, असें १९९० पर्यंत ठरून गेलें. निधीची निश्चिति झाल्यावर १९९२ सालीं हिंदुस्थान त्या करारांत सामील झाला. आज जगांतील सर्व राष्ट्रें त्यांत आहेत, आणि तें आवरण हळू हळू भरून येत आहे. तीं रसायनें थोडीं होतीं व थोड्याच कारखान्यांत बनत होतीं. कोळसा मात्र घराघरांत व यंत्रायंत्रांत शिरला आहे, हें खरें. तरीही वांटणी न्याय्य दिसली म्हणजे गरीब राष्ट्र मागें राहत नाहीं, एवढें या उदाहरणावरून सिद्ध होतें.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण युरोपीय संघाच्या नव्या सीमाशुल्काचें आहे. परदेशाहून येणारें लोखंड, पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतें यांच्या निर्मितींत जो धूर झाला असेल, त्यावर हा आकार आहे. नोंदी २०२३ च्या ऑक्टोबरपासून घेतल्या जाऊं लागल्या, आणि प्रत्यक्ष आकारणीचें पर्व २०२६ पासून सुरू झालें. युरोपचें म्हणणें असें, कीं आमच्या कारखानदारांना धुराची किंमत द्यावी लागते, तर बाहेरच्यांनीं ती कां चुकवावी? व्यापाराच्या दृष्टीनें हें समजण्यासारखें आहे. परंतु अशा रीतीनें युरोपच्या कारखानदारावरचा आणि आपल्या कारखानदारावरचा भार सारखाच होतो, आणि जबाबदारी निरनिराळी असल्याचें १९९२ चें तत्त्व मागच्या दारानें बाहेर जातें.

या सर्व भांडणांत सुक्याबरोबर ओलें जळतें तें लहान बेटांचें. मालदीव, तुवालू, मार्शल बेटें यांचा धूर जगाच्या हिशेबांत नांव घेण्यासारखाही नाहीं. पण समुद्र चढला तर प्रथम जाणार तीं. २००९ सालीं मालदीवच्या मंत्रिमंडळानें समुद्राच्या पाण्याखालीं सभा भरवून जगाचें लक्ष वेधलें. वानुआतू या लहानशा राष्ट्राच्या खटपटीनें हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला, आणि २३ जुलै २०२५ रोजीं त्या न्यायालयानें एकमतानें असा अभिप्राय दिला, कीं हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे. तें न केल्यास नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवूं शकतो. हा अभिप्राय सल्ल्याच्या स्वरूपाचा आहे. तरी ज्याला आजवर दया म्हणत, त्याला आतां हक्काची भाषा मिळाली. झालेल्या हानीसाठीं निराळा निधि काढण्याचें २०२२ सालीं शर्म-अल्-शेख येथें ठरलेंच होतें. या बेटांना मात्र आपला माणशीं हिशेब ऐकून समाधान होणार नाहीं. त्यांच्या दृष्टीनें दिल्लीचा धूर व वॉशिंग्टनचा धूर समुद्राला सारखाच चढवितो.

येथें आपल्या स्वतःच्या वर्तनाकडे वळणें प्राप्त आहे. २०२१ सालीं ग्लासगो येथें हिंदुस्थाननें २०७० पर्यंत आपला निव्वळ धूर शून्यावर आणण्याचें वचन दिलें. दुसऱ्या वर्षीं असें लिहून दिलें, कीं २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागें होणारा धूर २००५ च्या मानानें शेंकडा ४५ कमी करूं. या वचनाचा अर्थ नीट समजून घ्यावा. समजा, २००५ सालीं १०० रुपयांच्या उत्पन्नामागें १०० शेर धूर होता. उत्पन्न तिप्पट होऊन ३०० झालें, आणि रुपयामागचा धूर ४५ नें घटला, तर एकूण धूर १६५ शेर होईल. म्हणजे वचन पाळूनही धूर वाढतो. गरीब देशाला वाढण्यास जागा हवी, म्हणून हें अयोग्य नाहीं. परंतु तें कपात म्हणून मिरवूं नये. वीज निर्माण करण्याची जी एकूण यंत्रशक्ति देशांत उभी आहे, तिच्यांत कोळसा-तेलाविरहित यंत्रांचा भाग २०२५ सालीं निम्म्यावर पोंचला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सूर्य रात्रीं मावळतो. म्हणून प्रत्यक्ष मिळणाऱ्या विजेंत मोठा भाग अद्यापि कोळशाचाच आहे.

आणि शेवटीं, ज्या न्यायाची मागणी आपण जगाच्या दारीं करतों, त्याची झडती घरांतही व्हावयास हवी. माणशीं दोन टन ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे काय, हें शाळेंतील मूलही सांगेल. एकानें चार भाकरी खाव्या व दुसऱ्यानें उपाशी राहावें, तरी सरासरी दोन येते. आपल्या देशाची सरासरी लहान दिसते, ती चुलीपुढें काटक्या फुंकणाऱ्या कोट्यवधि लोकांमुळें. पुण्या-मुंबईच्या ज्या घरांत शीतयंत्रें व मोटारी आहेत, त्या घरांचा धूर त्या सरासरीच्या पदराआड झांकला जातो. चंद्रपूर येथें राज्य सरकारच्या वीज कंपनीचें २,९२० मेगावॅटचें औष्णिक केंद्र आहे. तेथील वीज राज्याच्या तारांत मिसळून दूरदूरच्या शहरांत जाते. राख, धूर व खाणींचे खड्डे मात्र चंद्रपूरलाच राहतात. माल एकाच्या घरीं आणि धूर दुसऱ्याच्या खातीं, हें जें आपण युरोपला ऐकवितों, तेंच चंद्रपूरचा मनुष्य आपल्याला ऐकवूं शकेल. उद्यां कोळसा बंद होईल, तेव्हां तेथील खाणकामगाराच्या चरितार्थाची सोय कोणीं करावी, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दाखवितांना आपल्या डोळ्यांतील मुसळ विसरूं नये.

यावरून आपली जागतिक मागणी खोटी ठरत नाहीं. अमेरिकेचा माणशीं धूर आपल्या सात पट आहे, हें सत्य आपल्या घरांतील विषमतेनें पुसलें जात नाहीं. मात्र ती मागणी करण्याचा अधिकार आपण गरिबांच्या वतीनें सांगतों. तेव्हां तिचें फळही त्यांच्याच पदरांत पडलें पाहिजे.

पुढील परिषदेची बातमी वाचतांना श्रोत्यांनीं चार प्रश्न मनाशीं ठेवावे. आंकडा कोणत्या सालापासून मोजला आहे? तो एकूण धुराचा आहे, माणशीं आहे, कीं रुपयामागचा आहे? देऊं केलेला पैसा दान आहे कीं कर्ज? आणि वचन मोडल्यास काय होईल? या चार प्रश्नांचीं उत्तरें बातमींत न सांपडल्यास तो करार कितीही गोड शब्दांत लिहिलेला असो, वांटणी अजून व्हावयाची आहे असें खुशाल समजावें.